साडेपाच-पावणेसहा फुटांच्या पोलार्डला मैदानात कुणी अडवू शकलं नाही, म्हणून शेवटी मैदानाचं दारच बंद केलं

पोलार्ड म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर एकच माणूस येतो. मुंबई इंडियन्सची निळी जर्सी, धिप्पाड शरीर आणि वानखेडेच्या स्टँडमध्ये जाऊन पडणारा सिक्सर.

पण आजचा पोलार्ड वेगळा आहे. हा क्रिकेटवाला नाही आणि धिप्पाड तर अजिबातच नाही. उंची ५ फूट ९ इंच आणि वजन साधारण ७५ किलो. आपल्याकडं एवढी उंची असली की लग्नाच्या बाजारात पोरगा उंच म्हणून खपतो. पण हा भिडू ज्या खेळात उतरला होता, तिथं या मापाच्या माणसाला बारका म्हणतात.

खेळ होता अमेरिकन फुटबॉल. आणि जागा होती रनिंग बॅकची, म्हणजे सगळ्यात जास्त मार खायची.

आजही अमेरिकेत दरवर्षी एक वाद हमखास रंगतो. कॉलेजमधून एखादा बुटका पण चपळ रनिंग बॅक येतो आणि लगेच चर्चा सुरू होते, हा पोरगा प्रोफेशनल लीगमध्ये टिकेल का? शंभर-सव्वाशे किलोची माणसं अंगावर आली की याचं काय होईल?

गंमत म्हणजे या प्रश्नाचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच मिळालं होतं. लीगच्या अगदी पहिल्याच हंगामात. उत्तर देणाऱ्याचं नाव होतं फ्रिट्झ पोलार्ड.

आधी रनिंग बॅक म्हणजे काय ते समजून घेऊ

अमेरिकन फुटबॉलमध्ये दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू असतात. ज्यांच्याकडं बॉल आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं असतं. जमलं तर परत चार प्रयत्न मिळतात, नाही जमलं तर बॉल गेला. असं करत करत समोरच्या टोकाची रेघ ओलांडायची.

बॉल पुढं न्यायचे दोन मुख्य रस्ते. एक तर हवेतून फेकायचा, नाहीतर हातात घेऊन पळायचं. हे पळायचं काम रनिंग बॅकचं.

कबड्डीतला रेडर आठवा. फरक एवढाच की रेडरला पकडलं की तो आऊट होतो आणि बाहेर जाऊन बसतो. रनिंग बॅकला पकडतात म्हणजे जमिनीवर आपटतात, मग तो उठतो, अंग झटकतो आणि पुढच्या मिनिटाला परत त्याच लोकांच्या अंगावर जातो. एका मॅचमध्ये पंधरा-वीस वेळा.

म्हणजे बारक्या रनिंग बॅकसमोर खरे प्रश्न दोन असतात. पहिला, समोरच्याच्या हातातून निसटायचं कसं? आणि दुसरा, पकडला गेलाच तर मोडायचं कसं नाही?

पहिल्या प्रश्नात बारकेपणा उलट कामाला येतो. आपल्या टीमचे दांडगे गडी पुढं भिंत करून उभे असतात. त्यांच्यामागं बुटका माणूस दिसतच नाही. तो कुठल्या फटीतून बाहेर पडणार हे समोरच्याला उशिरा कळतं. शिवाय बुटक्या माणसाचा तोल जमिनीच्या जवळ असतो, त्यामुळं तो पूर्ण वेगात असताना झटक्यात दिशा बदलू शकतो. पकडणाऱ्यालाही वाकावं लागतं, आणि वाकलेल्या माणसाची ताकद निम्मी होते.

दुसरा प्रश्न मात्र अवघड. आणि पोलार्डसाठी तर तो जीवावरचा होता. कारण तो नुसता बारका नव्हता, तो कृष्णवर्णीय होता.

न्हाव्याचा पोरगा आणि जर्मन शेजारी

२७ जानेवारी १८९४ ला शिकागोत त्याचा जन्म झाला. वडील जॉन हे न्हावी, आई कॅथरीन शिवणकाम करायची. आठ भावंडांत हा सातवा.

पोराचं नाव ठेवलं फ्रेडरिक डग्लस पोलार्ड. गुलामगिरीतून पळून आलेला आणि पुढं गुलामगिरीविरुद्ध अख्खा देश हलवणारा नेता म्हणजे फ्रेडरिक डग्लस. त्याचं नाव आई-बापानं पोराला दिलं.

पोलार्ड कुटुंब राहायचं रॉजर्स पार्क भागात. तिथं जर्मन वस्ती मोठी होती आणि कृष्णवर्णीय घरं जवळपास नव्हतीच. जर्मन लोकांत फ्रेडरिकचा फ्रिट्झ होतो, तसा शेजाऱ्यांनी याचाही केला. तेच नाव आयुष्यभर चिकटलं.

थोरले भाऊ फुटबॉल खेळायचे. त्यांनी धाकट्याला दोन गोष्टी शिकवल्या. अंगाला दुखापत होऊ न देता खेळायचं कसं, आणि कुणी रंगावरून शिवी दिली तरी डोकं फिरू द्यायचं नाही. पोरगा बारका आहे आणि गोऱ्यांच्या गर्दीत एकटा आहे, म्हणजे भांडणात हरणार हे ठरलेलं. त्यामुळं उत्तर द्यायचं ते पळून.

तेव्हाचा फुटबॉल म्हणजे काय प्रकरण होतं बघा. १९०५ च्या एका हंगामात अमेरिकेत अठरा-एकोणीस पोरं हा खेळ खेळताना मेली. प्रकरण थेट राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्यापर्यंत गेलं आणि नियम बदलावे लागले. नियम बदलल्यावरही डोक्यावर चामड्याची टोपी असायची, तीही घातलीच पाहिजे असं नव्हतं. तोंडावर जाळी नाही. आणि गर्दीत खाली पडलेल्या माणसावर किती जणांनी उड्या मारल्या हे बघायला पंचांना दहा डोळे नव्हते.

मग फ्रिट्झनं त्यावर उपाय काढला. खाली पडला की तो लगेच पाठीवर लोळायचा आणि दोन्ही पाय हवेत धरून सायकल चालवल्यासारखे गरागरा फिरवायचा. बुटांना खालून खिळे असायचे. अंगावर उडी मारायला आलेल्या माणसाला समोर ते फिरणारे खिळे दिसायचे आणि त्याचा विचार बदलायचा.

बघणाऱ्यांना हा प्रकार विचित्र वाटायचा. पण त्याच्यासाठी तो विमा होता.

ब्राऊन युनिव्हर्सिटीतलं गाजलेलं वर्ष

शिकागोच्या लेन टेक शाळेत फ्रिट्झ फुटबॉल, बेसबॉल आणि धावणं या तिन्हीत चमकला. नंतर दोन-चार कॉलेजांच्या पायऱ्या झिजवून १९१५ ला तो ऱ्होड आयलंड राज्यातल्या ब्राऊन युनिव्हर्सिटीत स्थिरावला. विषय रसायनशास्त्र. खर्च भागवायला तो पोरांचे कपडे इस्त्री करायचा.

त्या हंगामाच्या शेवटी ब्राऊनच्या टीमला कॅलिफोर्नियातून बोलावणं आलं. १ जानेवारी १९१६ ला पॅसाडेनात मॅच होती, जी आज रोज बोल म्हणून ओळखली जाते. तिथं खेळणारा फ्रिट्झ हा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू.

तिथं पोचल्यावर हॉटेलवाल्यांनी त्याला खोली द्यायला नकार दिला. टीमच्या प्रशिक्षकानं सांगितलं की हा राहणार नसेल तर आमच्यातलं कुणीच राहणार नाही. मग खोली मिळाली.

मॅच मात्र गेली. पाऊस पडून मैदानाचा चिखल झाला होता. ज्याचा सगळा खेळ पाय रोवून झटक्यात वळण्यावर आहे, त्याच्यासाठी चिखल म्हणजे शापच. वॉशिंग्टन स्टेटनं ब्राऊनला १४-० नं हरवलं. बारक्या खेळाडूला काय नडतं हे त्या दिवशी कळलं. मैदान घसरडं असलं की चपळाई संपते आणि नुसती ताकद उरते.

त्याची भरपाई पुढच्या हंगामात झाली. १९१६ ला येल आणि हार्वर्ड म्हणजे कॉलेज फुटबॉलमधली खानदानी घराणी. ब्राऊननं एका आठवड्यात येलला २१-६ नं लोळवलं आणि पुढच्या आठवड्यात हार्वर्डला २१-० नं. एकाच हंगामात ब्राऊननं या दोघांनाही हरवलं. दोन्ही मॅचमध्ये समोरच्यांची झोप उडवली ती फ्रिट्झनं.

त्या काळी वॉल्टर कॅम्प नावाचा माणूस देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंची यादी काढायचा. या खेळाचे नियम घडवण्यात त्याचा मोठा हात होता, त्यामुळं त्याचा शब्द म्हणजे शिक्कामोर्तब. त्यानं फ्रिट्झला यादीत घेतलं. बॉल घेऊन पळणाऱ्यांच्या जागी निवडला गेलेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू होता.

अभ्यासात मात्र गाडी घसरली. खेळायची पात्रता गेली आणि डिग्री न घेताच कॉलेज सुटलं. मग पहिल्या महायुद्धाच्या काळात लष्कराच्या छावणीत वायएमसीएचं काम आणि पेनसिल्व्हेनियातल्या लिंकन युनिव्हर्सिटीत फुटबॉलचं प्रशिक्षण, असं चालू राहिलं.

लीगचा पहिला हंगाम, पहिली टीम आणि सिगारचं दुकान

१९१९ ला ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन शहरातून बोलावणं आलं.

अ‍ॅक्रन म्हणजे रबराचं शहर. गुडइयर, फायरस्टोन यांच्या टायरचे कारखाने तिथले. कामासाठी दक्षिणेतल्या राज्यांतून हजारो गोरे कामगार आले होते आणि येताना तिकडचा वर्णद्वेषही घेऊन आले होते. मॅच बघायला तेच लोक यायचे. म्हणजे फ्रिट्झला शिव्या फक्त समोरच्या टीमकडून मिळायच्या असं नव्हतं, स्वतःच्या गावातूनही मिळायच्या.

बाकीची टीम ड्रेसिंग रूममध्ये कपडे बदलायची. फ्रिट्झ टीमचा मालक फ्रँक नीड याच्या सिगारच्या दुकानात कपडे बदलून मैदानावर यायचा.

१९२० ला ओहायोतल्याच कँटन शहरात, मोटारी विकायच्या एका शोरूममध्ये, काही टीमचे मालक जमले आणि त्यांनी एक लीग काढली. दोन वर्षांनी तिचं नाव नॅशनल फुटबॉल लीग झालं. हीच ती आजची एनएफएल. पहिल्या हंगामात अख्ख्या लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडू होते दोन. बॉबी मार्शल आणि फ्रिट्झ पोलार्ड.

लीगचा अध्यक्ष होता जिम थॉर्प. १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदकं जिंकणारा, सहा फुटांपेक्षा उंच आणि अमेरिकेचा सगळ्यात मोठा खेळाडू. तो कँटन बुलडॉग्जकडून खेळायचा. त्या हंगामात अ‍ॅक्रननं कँटनला एकदा नाही, दोनदा हरवलं. १०-० आणि ७-०.

शेवटची मॅच शिकागोत होती, म्हणजे फ्रिट्झच्या घरच्या मैदानात. समोर होती जॉर्ज हॅलसची डिकेटर स्टॅलीज, जी पुढं शिकागो बेअर्स झाली. मॅच ०-० अशी सुटली.

अ‍ॅक्रनचा हिशोब होता आठ विजय, तीन बरोबरी आणि पराभव शून्य. हंगामभरात त्यांच्यावर फक्त सात पॉइंट झाले. लीगचं पहिलं विजेतेपद अ‍ॅक्रनचं, आणि त्या टीमचा सगळ्यात धोकादायक गडी होता ७५ किलोचा पोलार्ड.

बारका रनिंग बॅक प्रोफेशनल फुटबॉलमध्ये टिकेल का, या प्रश्नावर तिथंच पडदा पडायला हवा होता.

पुढच्या वर्षी, १९२१ ला, त्याला एल्गी टोबिन याच्याबरोबर टीमचा प्रशिक्षकही करण्यात आलं. म्हणजे एनएफएलच्या इतिहासातला पहिला कृष्णवर्णीय हेड कोच. ज्या गावात त्याला ड्रेसिंग रूम मिळत नव्हती, तिथं गोऱ्या खेळाडूंना तो खेळ शिकवत होता. कुठून पळायचं, कुणी कुणाला अडवायचं हे ठरवत होता.

त्यानं आपल्याबरोबर आणखी एका कृष्णवर्णीय पोराला आणलं. कोलंबिया युनिव्हर्सिटीत वकिली शिकत शिकत तो फुटबॉल खेळायचा. त्याचं नाव पॉल रॉब्सन. हाच पुढं जगप्रसिद्ध गायक झाला. भूपेन हजारिका यांचं गंगेला जाब विचारणारं गाणं आपण ऐकलेलं असतं, त्यामागची प्रेरणा रॉब्सननं अजरामर केलेलं मिसिसिपी नदीचं गाणं आहे.

मग बाहेर कसा पडला?

१९२० ते १९२६ या काळात फ्रिट्झ अ‍ॅक्रन, मिलवॉकी, हॅमंड आणि प्रॉव्हिडन्स अशा टीमकडून खेळला. मधे पेनसिल्व्हेनियाच्या कोळसा खाणींच्या भागातही खेळला. १९२६ ला अ‍ॅक्रननं त्याला मोकळं केलं तेव्हा तो ३२ वर्षांचा होता. रनिंग बॅकसाठी हे म्हातारपणच. आजही बहुतेक रनिंग बॅक तिशीच्या आत संपतात.

म्हणजे शरीरानं त्याला दगा दिला नाही. बारका माणूस पूर्ण कारकीर्द खेळला.

खरी गोष्ट नंतर घडली. लीगमधले कृष्णवर्णीय खेळाडू एक एक करून कमी होत गेले. १९३३ च्या हंगामात दोघंच उरले आणि १९३४ पासून एकही नाही. पुढची बारा वर्षं एनएफएलमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. कुठं लेखी नियम नव्हता. मालकांनी आपापसात ठरवलं असं सगळे म्हणायचे, आणि आम्हाला चांगला खेळाडूच सापडला नाही असं मालक म्हणायचे. पोलार्डनं यासाठी जॉर्ज हॅलसकडं बोट दाखवलं. हॅलसनं तो आरोप नाकारला.

फ्रिट्झ हातावर हात ठेवून बसणाऱ्यातला नव्हता. १९२८ ला त्यानं शिकागो ब्लॅक हॉक्स नावाची कृष्णवर्णीय खेळाडूंची टीम काढली आणि गोऱ्यांच्या टीमशी मॅच लावल्या. हेतू सरळ होता. दोन्ही रंगांची माणसं एका मैदानात खेळली तर आभाळ कोसळत नाही हे दाखवायचं. १९३५ ला न्यूयॉर्कमध्ये ब्राऊन बॉम्बर्स टीमचा तो प्रशिक्षक झाला. बॉक्सर जो लुईसचं टोपणनाव या टीमनं घेतलं होतं.

खेळाबाहेरही त्यानं बरंच काही केलं. कृष्णवर्णीयांसाठी गुंतवणुकीची कंपनी काढली, ती मंदीत बुडाली. मग न्यूयॉर्कमध्ये वर्तमानपत्र काढलं, हार्लेममध्ये स्टुडिओ चालवला, चित्रपट काढला आणि कर सल्लागार म्हणूनही काम केलं. मुलगा फ्रिट्झ ज्युनिअर यानं १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये, हिटलरच्या डोळ्यादेखत भरलेल्या स्पर्धेत, ११० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत कांस्यपदक जिंकलं. पळणं रक्तातच होतं म्हणायचं.

एनएफएलचं दार परत उघडलं १९४६ ला, केनी वॉशिंग्टन आणि वुडी स्ट्रोड यांच्यासाठी. पण प्रशिक्षकाच्या खुर्चीचं काय? पोलार्डनंतरचा कृष्णवर्णीय हेड कोच आर्ट शेल. त्याची नेमणूक झाली १९८९ ला.

पोलार्ड ११ मे १९८६ ला वयाच्या ९२ व्या वर्षी गेला. आपल्यानंतरचा दुसरा माणूस त्या खुर्चीत बसलेला बघायला तो तीन वर्षांनी कमी पडला.

आणि आजचा बारका रनिंग बॅक?

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ७५ किलोचा रनिंग बॅक आज चालणार नाही. पोलार्डच्या काळात पुढच्या फळीतला दांडगा गडी नव्वद किलोच्या आसपास असायचा. आज तो १३५ किलोच्या वर असतो. शिवाय आज रनिंग बॅकला नुसतं पळून भागत नाही. क्वार्टरबॅक बॉल फेकायला थांबला की त्याच्यावर धावून येणाऱ्या राक्षसांना अंगावर घेणं हेही त्याचं काम. तिथं किलो लागतात.

पण उंचीचं गणित बदललेलं नाही. एनएफएलच्या इतिहासात पळून सगळ्यात जास्त यार्ड काढणारा एमिट स्मिथ किती उंच होता माहितेय? ५ फूट ९ इंच. पोलार्डएवढाच, फक्त वजनानं वीसेक किलो जास्त. हाताला लागायचाच नाही असा बॅरी सँडर्स ५ फूट ८ इंचांचा. आणि ५ फूट ६ इंचांचा डॅरेन स्प्रोल्स २००५ ला लीगमध्ये आला, तो २०१९ पर्यंत टिकला.

म्हणजे टीमनं बुटक्या पोरावर डाव लावायला काही हरकत नाही. फक्त पोरगा झटक्यात वळणारा पाहिजे, अंगानं भरलेला पाहिजे आणि पडायचं कसं हे त्याला कळलं पाहिजे. यातल्या दोन गोष्टी पोलार्डकडं होत्या. तिसरीची कसर तो बुटाच्या खिळ्यांनी भरून काढायचा.

१९५४ ला कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याला घेतलं. डिग्री न देणाऱ्या ब्राऊन युनिव्हर्सिटीनं १९८१ ला सन्मानानं डॉक्टरेट दिली. प्रोफेशनल फुटबॉलच्या हॉल ऑफ फेमचं दार मात्र २००५ ला उघडलं, तो जाऊन १९ वर्षं झाल्यावर. आज एनएफएलमध्ये कृष्णवर्णीय प्रशिक्षकांना संधी मिळावी म्हणून धडपडणारी संस्था त्याच्याच नावानं चालते.

तो हॉल ऑफ फेम आहे कँटनला. जिथं लीग जन्माला आली तिथंच, आणि सिगारच्या त्या दुकानापासून फार लांब नाही. ज्या माणसाला कपडे बदलायला खोली मिळाली नव्हती, त्याचा पुतळा आज तिथं कायमचा आत आहे.